बर्बन आवडणाऱ्याने आणखी काय चाखावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्याची अमेरिकी व्हिस्की, पिणाऱ्या माणसाला एका टप्प्यावर आपल्या कपाटातील सगळ्या बाटल्या एकाच कुळातल्या वाटू लागतात आणि दुकानात कोन्याक, रम, टकीला यांच्या फळीकडे नजर वळू लागते. अशा वाचकांकडून नेहमी येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. वाचक मद्य नुसते किंवा थोडेसे पाणी घालून, चवीसाठी पितो असे धरून उत्तरे लिहिली आहेत. कॉकटेलचा विषय येथे घेतलेला नाही.

बर्बनची जी चव आपल्याला आवडते, ती नेमकी येते कोठून?

अमेरिकी कायद्यानुसार बर्बनच्या धान्यमिश्रणात किमान ५१ टक्के मका असावा लागतो, ऊर्ध्वपातनात अल्कोहोलचे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर नेता येत नाही, पिंपात भरताना ते ६२.५ टक्क्यांहून जास्त चालत नाही, आणि पिंप ओक लाकडाचे, कोरे व आतून जाळलेले असावे लागते. बाहेरून रंग, साखर किंवा स्वाद घालण्यास मनाई आहे. पाणी तेवढे चालते.

मक्यामुळे बर्बन गोड लागते असे सर्रास सांगितले जाते, पण हे अर्धेच खरे आहे. साखर ऊर्ध्वपातनात वर चढत नाही, ती भट्टीतच मागे राहते. पेल्यात जो गोडवा जाणवतो, त्याचा मोठा भाग लाकडाचा असतो. ओकमधील लिग्निन तापल्यावर फुटते आणि त्यातून व्हॅनिलाचा गंध देणारे व्हॅनिलिन तयार होते. हेमिसेल्युलोज नावाच्या घटकाची साखर होऊन ती करपते आणि कॅरॅमलची चव देते. तर खोबऱ्यासारखा जो वास काही बाटल्यांना येतो, तो ओकमधील लॅक्टोन या द्रव्यांचा असतो, आणि अमेरिकी पांढऱ्या ओकमध्ये ती द्रव्ये भरपूर असतात. पिंप कोरे असल्यामुळे हे सगळे पहिल्याच भरणीत मद्यात उतरते. लोणचे किंवा मुरंबा मुरतो म्हणतो तसेच हे मुरणे; फक्त येथे बरणीच स्वतःची चव देत असते.

म्हणून कोणतेही नवे मद्य निवडताना तीन गोष्टी विचाराव्यात: पिंप कोरे होते की वापरलेले, बाटलीत भरण्याआधी काही मिसळले आहे का, आणि अल्कोहोलचे प्रमाण किती ठेवले आहे. ते मद्य धान्याचे आहे, उसाचे आहे की द्राक्षाचे, हा प्रश्न मी यांच्यानंतर विचारतो.

पहिली पायरी कोणती असावी?

राय व्हिस्की. धान्यमिश्रणात मक्याऐवजी किमान ५१ टक्के राय हे धान्य, बाकी पिंपाचा नियम तोच. त्यामुळे घर ओळखीचे राहते आणि मिरी, बडीशेप, पुदिना अशी तिखट-हिरवी चव मात्र नवी मिळते. रिटनहाउस या राय व्हिस्कीच्या बाटलीवर ‘बॉटल्ड इन बाँड’ असे लिहिलेले असते. १८९७ च्या कायद्यापासून चालत आलेल्या या शिक्क्याचा अर्थ असा, की आतील सगळे मद्य एकाच डिस्टिलरीचे, एकाच हंगामातले, किमान ४ वर्षे मुरलेले आणि बरोबर ५० टक्के अल्कोहोलचे आहे. मी सुरुवात करणाऱ्याला हीच बाटली सुचवतो. टेनेसी व्हिस्की ही तर मेपलच्या कोळशातून गाळलेली बर्बनची सख्खी बहीणच आहे, तिच्यासाठी वेगळी मोहीम काढण्याचे कारण नाही.

बर्बनवाल्यांना सगळेजण आर्मान्याककडे का पाठवतात?

कारण पिंप आणि अल्कोहोल या दोन प्रश्नांची उत्तरे येथे बहुधा बर्बनच्या बाजूने जातात. आर्मान्याक ही फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील गॅस्कनी भागातील द्राक्षाची ब्रँडी आहे. तेथील परंपरागत भट्टी ही दोनदा उकळणारी नसून छोटी, सलग चालणारी असते आणि तिच्यातून मद्य साधारण ५२ ते ६० टक्के अल्कोहोलवरच बाहेर पडते. प्रमाण जितके कमी, तितकी मूळ वाइनमधील जड, तेलकट, फळांची द्रव्ये जास्त उरतात. हा अर्क आरंभीचे काही महिने, कधी त्याहूनही अधिक काळ, कोऱ्या ओकच्या पिंपात ठेवतात आणि लाकूड पुरेसे उतरले असे वाटले की जुन्या पिंपात हलवतात. कोऱ्या ओकचा हा पहिला ठसा बर्बन पिणाऱ्याची जीभ लगेच ओळखते.

फरकही सांगायला हवा. गॅस्कनीतील पिंपे आतून शेकलेली असतात, बर्बनचे माहेर असलेल्या केंटकीतल्यासारखी कोळसा होईपर्यंत जाळलेली नसतात. त्यामुळे जळक्या साखरेचा तो ठसका येथे नाही. त्याऐवजी सुकवलेले आलुबुखार, अंजीर, जर्दाळू, चामडे, अक्रोडाची साल अशी चव येते आणि दहा-वीस वर्षांनंतर जुन्या लाकडी देव्हाऱ्यातल्यासारखा एक गंध जमतो, ज्याला तिकडचे लोक ‘रान्सियो’ म्हणतात. पहिल्यांदा पिणाऱ्याला हा गंध विचित्र वाटतो. घाई करू नये. पेला अर्धा तास तसाच ठेवावा.

आर्मान्याकची दुसरी मोठी सोय म्हणजे वर्ष छापलेल्या बाटल्या. लेबलावरील वर्ष द्राक्षाच्या हंगामाचे असते, आणि अशी बाटली किमान १० वर्षे मुरलेली असावी लागते. परंतु नुसते वर्ष पाहून हिशेब करू नये, कारण काचेत गेल्यावर मुरणे थांबते. १९९० चा माल २०१० मध्ये काचेत भरला असेल, तर तो २० वर्षांचा आहे आणि पुढेही २० वर्षांचाच राहणार आहे. बाटली भरल्याचे वर्ष मागच्या लेबलावर बहुधा सापडते, नसेल तर दुकानदाराला विचारावे.

दारोज ही पेढी वेगवेगळ्या शेतांवरील पिंपे त्या-त्या शेताच्या नावाने आणि वर्षाने विकते. लांकांतादा ही छोट्या शेतकऱ्यांकडील पिंपे निवडून, पाणी न घालता बाटलीत भरते, आणि अमेरिकेतील बर्बनप्रेमींमध्ये तिचे नाव झाले ते याच कारणाने. बा-आर्मान्याक हा उपविभाग आणि बाको ही द्राक्षाची संकरित जात हे दोन शब्द लेबलावर दिसले, तर भरदार, काळसर फळांच्या चवीची अपेक्षा ठेवावी.

कोन्याक अधिक प्रसिद्ध आहे. मग ते आधी का नको?

कोन्याक हीदेखील द्राक्षाची फ्रेंच ब्रँडीच. चांगले कोन्याक हे फार मोठे मद्य आहे, पण बर्बनवरून थेट तेथे उडी मारणारे बहुतेकजण निराश होतात, आणि त्यात दोष दोघांचाही नसतो. कोन्याक तांब्याच्या भांड्यात दोनदा उकळून ७० टक्क्यांच्या आसपास काढतात, त्यामुळे अर्क नाजूक होतो; कोऱ्या लाकडात ते थोडाच काळ राहते; आणि मोठ्या पेढ्यांच्या बहुतेक बाटल्या ४० टक्के अल्कोहोलच्या असतात. ५५ किंवा ६० टक्क्यांच्या बर्बनची सवय झालेल्या जिभेला ते पाणचट वाटते. शिवाय कोन्याकमध्ये कॅरॅमलचा रंग, थोडी साखर आणि ओकचा काढा घालण्यास मुभा आहे. सगळेच तसे करतात असे नाही, पण गडद रंग म्हणजे जुने मद्य हा बर्बनमध्ये बऱ्यापैकी चालणारा अंदाज येथे चालत नाही.

लेबलावरील वयाच्या खुणांपैकी व्हीएस म्हणजे किमान २ वर्षे, व्हीएसओपी म्हणजे ४, आणि एक्सओ म्हणजे २०१८ पासून किमान १० वर्षे. त्याआधी एक्सओची अट ६ वर्षांचीच होती. या अक्षरांपेक्षा व्हालें-तेर्सिनिये किंवा ग्रोपेरँ अशा लहान पेढ्यांच्या, जास्त अल्कोहोलच्या बाटल्या शोधाव्यात. ग्रांद शांपान्य हे शब्द पाहून कोणी बुडबुड्यांच्या शँपेनची आठवण काढते. त्या वाइनशी याचा संबंध नाही, ते कोन्याकमधील खडूच्या जमिनीच्या एका भागाचे नाव आहे.

रम तर मळीची आणि गोड असते. ती बर्बनप्रेमीला खरोखर आवडेल का?

आवडेल, पण कोणती रम यावर सगळे आहे. रम हे एक मद्य नसून एकाच नावाखाली राहणारी चार-पाच वेगवेगळी मद्ये आहेत. बर्बनचे पिंप बर्बनसाठी एकदाच वापरता येते, म्हणून केंटकीतील रिकामी पिंपे जहाजाने कॅरिबियन बेटांवर जातात आणि तेथील बहुतेक रम त्यांतच मुरते. म्हणजे लाकडाची ओळख असते, पण ती दुसऱ्या उकळीच्या चहासारखी सौम्य असते.

बार्बाडोस बेटापासून सुरुवात करावी. तेथील फोरस्क्वेअर डिस्टिलरीचे रिचर्ड सील रममध्ये साखर मिसळण्याविरुद्ध अनेक वर्षे उघडपणे बोलत आले आहेत आणि त्यांची रम बर्बनवाल्याला पटकन समजते: अल्कोहोल ६० टक्क्यांच्या घरात असलेल्या बाटल्या, व्हॅनिला, खोबरे, भाजलेला गूळ, आणि शेवटी कोरडेपणा. माउंट गे हे रमचे नावही याच बेटावरचे. त्याचा संबंध १७०३ च्या एका दस्तऐवजाशी जोडला जातो.

जमैका हा पुढचा आणि खरा कसोटीचा मुक्काम. तेथील जुन्या पद्धतीत मळी दिवसच्या दिवस आंबवतात आणि आधीच्या उकळीतून भांड्यात उरलेला आंबट गाळ, ज्याला ‘डंडर’ म्हणतात, त्यात मिसळतात. आम्ले आणि अल्कोहोल यांच्या संयोगातून एस्टर नावाची फळांसारख्या तीव्र वासाची द्रव्ये तयार होतात आणि पेल्यातून अति पिकलेले केळे, अननस, गॅरेजमधील रंगाचा डबा असा एकत्र वास येतो. तेथील हॅम्पडेन डिस्टिलरीची रम पहिल्यांदा हुंगली तेव्हा माझ्या मनात आला तो मे महिन्याच्या शेवटी माळ्यावर विसरलेला फणस. ज्याला हा वास सोसत नाही, त्याने अ‍ॅपल्टन इस्टेटच्या १२ वर्षांच्या बाटलीवर थांबावे; १९९७ पासून मुख्य मिश्रणतज्ज्ञ जॉय स्पेन्स यांच्या देखरेखीखाली तयार होणारी ही रम जमैकाची ओळख देते, पण अंगावर येत नाही.

मार्टिनिक बेटावर मळीऐवजी उसाच्या ताज्या रसापासून रम काढतात आणि १९९६ पासून तिला फ्रान्सच्या प्रादेशिक नामांकनाचे संरक्षण आहे. गवत, ओला ऊस, मिरी अशी तिची चव असते. उसाच्या गुऱ्हाळाजवळून गेलेल्या माणसाला ती लगेच कळते, पण बर्बनशी तिचे नाते दूरचे आहे.

एखाद्या मद्यात साखर मिसळली आहे, हे घरी कसे ओळखावे?

बर्बनमध्ये हा प्रश्नच येत नाही, म्हणून बर्बनवाले येथे सहज फसतात. बशीत चमचाभर मद्य ओतून रात्रभर उघडे ठेवावे. सकाळी बोटाला पाकासारखा चिकटपणा लागला, तर साखर आहे. लाकडातून आलेली द्रव्येही थोडासा तपकिरी डाग मागे ठेवतात, पण तो चिकट नसतो. युरोपीय संघात रममधील गोडव्यावर लिटरला २० ग्रॅम अशी मर्यादा आहे, आणि जिभेला जाणवायला त्याहून बरीच कमी साखर पुरते. काही लॅटिन अमेरिकी बाटल्यांवरील वयाचा मोठा आकडाही जपून वाचावा. जुन्या-नव्या मद्यांची सतत भर घालण्याच्या पद्धतीत तो आकडा त्यातील सर्वांत जुन्या अंशाचा असू शकतो, तर बर्बनवरील आकडा नेहमी सर्वांत तरुण अंशाचा असतो.

सफरचंदाची ब्रँडी घ्यावी का?

अवश्य, आणि त्यासाठी फ्रान्समधील नॉर्मंडीपर्यंत जाण्याचीही गरज नाही. न्यू जर्सीतील लेअर्ड घराण्याची सफरचंदाची ब्रँडी १७८० पासूनच्या परंपरेची मानली जाते. तिच्या एका बाटलीवर ‘बॉटल्ड इन बाँड’चा तोच शिक्का आणि तेच ५० टक्के अल्कोहोल आहे. त्या राज्यात अनेक मराठी कुटुंबे स्थायिक आहेत, त्यांच्यासाठी तर हे अगदी गावचे मद्य ठरते. आधी सफरचंदाची साल आणि मागून दालचिनी-व्हॅनिला अशी तिची चव बर्बनच्या इतकी जवळची आहे, की मित्रांना न सांगता पाजल्यास निम्मे लोक तिला व्हिस्की समजतात. नॉर्मंडीची सफरचंदाची ब्रँडी, म्हणजे काल्व्हादोस, त्यानंतर घ्यावी. दोंफ्रोंते भागातील काल्व्हादोसमध्ये किमान ३० टक्के पेअर असतात आणि ते अधिक मऊ लागते.

जुनी टकीला म्हणजे मेक्सिकोचे बर्बन, हे खरे आहे का?

नाही. अन्येहो टकीला किमान १ वर्ष आणि एक्स्ट्रा अन्येहो किमान ३ वर्षे ओकच्या पिंपात ठेवतात, आणि ती पिंपे बऱ्याचदा बर्बनचीच असतात. पण लाकूड जास्त झाले की टकीला ज्या काटेरी वनस्पतीपासून काढतात त्या भाजलेल्या अगाव्हेची मातकट, मिरीसारखी चव दबते, आणि ती दबली तर टकीला घेण्यात अर्थ काय उरला? शिवाय ठरावीक मर्यादेत कॅरॅमल, ओकचा अर्क, ग्लिसरीन व साखरेचा पाक घालणे कायद्यात बसते. काही महागड्या बाटल्या केकसारख्या लागतात त्या यामुळे. टापातियो किंवा एल तेसोरो यांची अन्येहो चाखावी आणि तिच्यात बर्बन शोधू नये.

स्कॉच बर्बनच्याच पिंपात मुरते. मग चव इतकी वेगळी का?

पिंपाने आपला पहिला जोर केंटकीतच खर्च केलेला असतो. त्यातच स्कॉटलंडची हवा थंड आहे. तेथे पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के मद्य उडून जाते, आणि लाकूड हळूहळू उतरते. म्हणूनच दोन्हीकडच्या वयाच्या आकड्यांची तुलना करू नये: १२ वर्षांची स्कॉच तरुण समजली जाते, तर १२ वर्षांचे बर्बन म्हातारे, आणि २० वर्षांच्या बर्बनमध्ये कधीकधी नुसता कडवट फळीचा स्वाद उरतो. आयर्लंडची ‘सिंगल पॉट स्टिल’ व्हिस्की, उदाहरणार्थ रेडब्रेस्ट, ही बर्बनवाल्याला स्कॉचपेक्षा आधी आवडते असा माझा अनुभव आहे. मोड न आलेल्या बार्लीमुळे तिला एक स्निग्धपणा असतो. स्कॉटलंडच्या आयला बेटावरील धुरकट बाटल्या शेवटी ठेवाव्यात.

भारतातील कोणती मद्ये या वाटेवर येतात?

बंगळुरूची अमृत आणि गोव्यात कुंकळ्ळी येथे तयार होणारी पॉल जॉन, या दोन्ही सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीतील, नुसत्या मोड आलेल्या बार्लीच्या) व्हिस्की मोठ्या प्रमाणात बर्बनच्या पिंपांत मुरतात. उष्णतेमुळे बाष्पीभवन वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणून येथे चार-सहा वर्षांतच लाकडाचा ठसा एवढा खोल होतो, की स्कॉचवरून येणाऱ्यांपेक्षा बर्बनवरून येणारेच या बाटल्या लवकर जवळ करतात. अमृत २००४ मध्ये पहिल्यांदा ग्लासगोत विकायला ठेवली गेली, आणि भारतातील माल्टकडे जगाचे लक्ष वळायला तेथून सुरुवात झाली. पॉल जॉनच्या जास्त अल्कोहोलच्या बाटल्यांत मध, संत्र्याची साल आणि खोबऱ्याची वडी सापडते. निदान मला सापडते.

ओल्ड मंक १९५४ पासून बाजारात आहे आणि अनेकांची व्हॅनिलाच्या चवीशी पहिली ओळख त्याच बुटक्या बाटलीने करून दिली. तिच्याविषयीचा जिव्हाळा मी समजू शकतो, पण बार्बाडोसच्या रमशेजारी तिचा पेला ठेवला, तर तिचा गोडवा पुढे येतो आणि लाकूड मागे पडते. काजूची फेणी बहुतेक करून लाकडात मुरवत नाहीत, म्हणून ती या पानावर नाही. तिच्या चवीला लाकडाची गरजही नाही.

दोन मद्यांची तुलना घरी कशी करावी?

एका बैठकीत तीनपेक्षा जास्त पेले घेऊ नयेत आणि प्रत्येकात १५ मिलिलिटर पुरे. त्यातील एक पेला नेहमीच्या, तोंडपाठ असलेल्या बर्बनचा असावा, म्हणजे जीभ त्या दिवशी कशी आहे हे कळते. कमी अल्कोहोलकडून जास्तीकडे जावे, धुरकट मद्य सर्वांत शेवटी घ्यावे. नाक पेल्यात खुपसू नये. हनुवटीच्या पातळीपासून हळूहळू वर आणावे. एक घोट नुसता आणि दुसरा चार थेंब पाणी घालून घ्यावा. बर्बन ५० टक्क्यांचे आणि कोन्याक ४० टक्क्यांचे असेल, तर बर्बनमध्ये पाणी घालून दोन्ही एका पातळीवर आणल्याशिवाय निकाल देऊ नये. चकणा नंतर. मसाल्याच्या शेंगदाण्यांनंतर कोणालाही आर्मान्याकमधले जर्दाळू सापडलेले नाही.

हे सगळे महाराष्ट्रात मिळते का?

थोडेच मिळते. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने बर्बनवरील आयातशुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणले, पण ती सवलत बर्बनपुरतीच होती. आर्मान्याक आणि जमैकाची रम दुकानात क्वचितच दिसतात. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते. विमानतळावरील दुकानात तेच ते ब्रँड असल्याने सामानातील ही जागा परदेशातील शहरातल्या चांगल्या दुकानातून घेतलेल्या बाटलीसाठी राखावी. महाराष्ट्रात अशा तीव्र मद्यासाठी वयाची अट २५ वर्षे आहे आणि मद्य बाळगण्यासाठी व पिण्यासाठी परवाना लागतो.

उघडलेली बाटली किती दिवस चांगली राहते?

बाटली उभीच ठेवावी, कारण तीव्र अल्कोहोल बुचाला खाते. वाइनप्रमाणे आडवी ठेवू नये. उजेड आणि उन्हाळ्यातील गच्चीखालच्या खोलीची ऊब टाळावी. भरलेली बाटली वर्षभर सहज टिकते आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हवा लागून बऱ्याचदा सुधारते, विशेषतः आर्मान्याकची. तिसऱ्या हिश्श्यापर्यंत उतरली, की उरलेले मद्य लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवावे आणि वर नाव, वर्ष व अल्कोहोलचे प्रमाण लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. माझ्या कपाटात बिननावाच्या तीन बाटल्या आहेत आणि त्यांतली रम कोणती, हे प्रत्येक वेळी हुंगून ठरवावे लागते.